तव्यावरची अंजिरं

इंदूमावशी स्वयंपाक करताना कधीच चव घेत नसत. परभणीकडच्या ज्या गावात त्या वाढल्या, तिथे देवाला नैवेद्य दाखवण्याआधी काही जिभेला लावायची रीत नव्हती. लग्न होऊन पुण्याला आल्या, विश्रांतवाडीत खानावळ काढली, दोन्ही वेळची पंगत बसू लागली, तरी ती सवय सुटली नाही. त्यांचं सगळं काम नाकावर चालायचं. पातेल्यावरचं झाकण जरासं सरकवायच्या, मान वळवून एकदाच वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "मीठ कमी पडलंय." मिठाला वास नसतो हे मलाही माहीत आहे. पण मीठ कमी असलं की मसाल्याचा वास सुटा सुटा येतो, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खोटं ठरलेलं मी पाहिलं नाही.

मी तेव्हा त्यांच्या डोक्यावरच राहायचे, म्हणजे पहिल्या मजल्यावर, दोन मैत्रिणींबरोबर. नोकरी खराडीला आणि जेवण खाली मावशींकडे. इमारत आप्पासाहेबांची. धानोरीच्या बाजूला त्यांची शेती होती, तिथे आता सोसायट्या उभ्या आहेत. पत्नी गेल्यापासून तेही आमच्यासारखेच ताट घेऊन बाकावर बसायचे. जेवण कसं झालंय हे त्यांनी कधी सांगितलं नाही. आवडलं तर "वाढा" म्हणायचे, नाही आवडलं तर तेवढंही नाही. मावशींना ते पुरेसं होतं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मावशींना ताप आला. आतल्या खोलीत एकट्या राहून त्या बऱ्या झाल्या, दवाखान्यात जायची वेळ आली नाही. थोडक्यात निभावलं, असं सगळेच म्हणाले. उठून कामाला लागल्या त्या सकाळी त्यांनी चहाला आलं ठेचलं आणि हात तसाच नाकाशी धरून उभ्या राहिल्या. आल्याला वास नव्हता. मग त्यांनी लसणीची पाकळी चुरडून पाहिली. शेवटी हिंगाचा डबा उघडून नाक आत घातलं. काहीच नाही.

"असं होतं म्हणे," उत्तरेश्वरकाका म्हणाले. काका म्हणजे मावशींचे यजमान, भोसरीच्या एका कारखान्यातून नुकतेच निवृत्त झालेले फिटर. "येईल परत."

वास परत आला, पण वाकडा आला. पावसाळा संपता संपता एक दिवस तेलात कांदा पडला आणि मावशींना टायर जळल्यासारखा वास आला. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं, रस्त्यावर काही पेटलंय का म्हणून. मग लसूण सडकी लागायला लागली. मग भाजलेलं खोबरं, अंडं, गरम मसाला. ज्या वासांवर त्यांचं सगळं आयुष्य उभं होतं ते एकेक करून नासत गेले. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, की वासाच्या नसा नव्याने वाढताहेत, त्यांची जोडणी अजून नीट लागलेली नाही. लिंबू, लवंग, गुलाबपाणी आणि निलगिरी, हे चार वास रोज सावकाश घ्यायचे. किती दिवस? तर ते सांगता येत नाही.

मावशींनी नाकाला फडकं बांधून स्वयंपाक करून पाहिला. फडक्यातूनही तो वास यायचाच. एक दिवस त्या फोडणी अर्धवट टाकून बाहेर पळाल्या आणि पायरीवर बसून राहिल्या. त्यानंतर खानावळ बंद झाली. पाटी कुणी उतरवली नाही, नुसतं शटर खाली आलं.

मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचे त्यांच्याजवळ. चार बाटल्यांची टोपणं उघडून एकेक त्यांच्या हातात द्यायचे, त्या डोळे मिटून वास घ्यायच्या आणि मान हलवायच्या. एकदा म्हणाल्या, "गवंड्याचा हात मोडला तर लोकांना दिसतो तरी. माझं मोडलंय ते कुणाला दाखवू?"

खाणंही सुटलं होतं. शिजवलेलं काही तोंडाजवळ नेववत नसे. फळं आणि दूध तेवढं जायचं. जाईल ते खा, अंगात ताकद राहिली पाहिजे, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यावर काका दुकानातून चीजच्या वड्यांचा डबा घेऊन आले. मावशींनी एक वडी खाल्ली. "साबण चावल्यासारखं वाटतंय," म्हणाल्या. डबा फ्रीजमध्ये मागे गेला.

पौषातली गोष्ट. त्या आठवड्यात पुण्यात कडाका पडला होता आणि मावशींच्या दाढेला गार सोसत नव्हतं. समोर पेरू होता. तो दाताला लागू नये म्हणून त्यांनी मधोमध चिरला आणि गारवा मोडण्यापुरता तव्यावर उपडा ठेवला. तेवढ्यात दूध आलं, ते घेण्यात, तापायला ठेवण्यात थोडा वेळ गेला. तव्यावरून बारीक चुरचुर ऐकू आली तेव्हा त्या वळल्या. पेरूची कापलेली बाजू तपकिरी झाली होती. टाकायचा कशाला, म्हणून त्यांनी तो ताटलीत काढला, आणि नुसत्या फळाने पोट भरत नाही म्हणून डब्यातली चीजची एक वडी शेजारी ठेवली. पेरूच्या वाफेने ती वडी एका कडेने वाकायला लागली.

मी नेमकी तेव्हा खाली गेले होते. मावशी ओट्याला टेकून उभ्या होत्या, हातात ताटली.

"मावशी, काय खाताय?"

"थांब जरा. बोलू नकोस."

त्यांनी ते सगळं संपवलं. बोट फिरवून ताटली पुसून घेतली. गेल्या कित्येक महिन्यांत मी त्यांना असं खाताना पाहिलं नव्हतं.

"गोड कळलं," त्या म्हणाल्या. "खारट कळलं. आणि दोन्हीच्या मध्ये काहीतरी झालं, त्याला काय म्हणायचं ते मला माहीत नाही."

"वास आला?"

"नाही. वास नाही." त्यांनी रिकामी ताटली ओट्यावर ठेवली. "पण गरम कळलं. मऊ कळलं. पेरूच्या बिया दाताखाली कळल्या. एवढं सगळं होतं गं तिथे. मी नुसती नाकालाच धरून बसले होते."

लगेच त्यांनी दुसरा पेरू चिरला आणि काकांना हाक मारली. काका आले, तव्याकडे पाहून म्हणाले, "हे काय करायलीस?"

"खाऊन बघा."

काकांनी उभ्याउभ्याच खाल्लं. सवयीने मिशी पुसली. "आहे का अजून?"

त्या दिवसापासून मावशी पुन्हा ओट्यापाशी दिसू लागल्या. फोडणी नव्हती, मसाला नव्हता, नुसता तवा आणि फळं. वेलची केळी सालासकट भाजून पाहिली. अननसाच्या चकत्या फार पाणी सोडतात म्हणून आधी फडक्यावर पसरायला लागल्या. सफरचंद त्यांना पटलं नाही. "ते गरम केलं की आजाऱ्याचं होतं," म्हणाल्या. डब्यातल्या चीजवरही त्यांचं समाधान होईना. लोहगावला आप्पासाहेबांच्या चुलतभावाचा गोठा आहे, तिथून म्हशीचं दूध आणलं. ते तापवून लिंबू पिळलं, फाटल्यावर पंच्यात बांधून नळाला टांगलं. पहिल्या वेळी रवाळ झालं, दुसऱ्या वेळी रबरासारखं. मग लिंबू थेंब थेंब घालायला शिकल्या, दूध उकळी यायच्या आधीच उतरवायला शिकल्या. थोडं मीठ मळलं की पांढरंशुभ्र, लोण्यासारखं पसरणारं चीज व्हायचं.

"हे पनीरच की," मी म्हटलं.

"पनीर दाबतात. याला दाबायचं नाही. नुसतं टांगायचं, आणि कधी थांबायचं ते हाताला विचारायचं."

उन्हाळा लागता लागता काकांनी सासवडकडची अंजिरं आणली, आणि मावशींना त्यांचं फळ सापडलं. अंजीर उभं चिरायचं, तव्याला तुपाचं बोट लावायचं, कापलेली बाजू खाली ठेवायची. जांभळट पाणी सुटतं, आटतं आणि कडेला पाकासारखं धरतं. खाली गार चीजचा थर, वर गरम अंजीर, त्यावर चिमटीभर मिरपूड. पहिली ताटली आप्पासाहेबांकडे गेली. ते बंद खानावळीच्या पायरीवर वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी चष्म्यावरून ताटलीकडे पाहिलं, खाल्लं, घडी केलेलं वर्तमानपत्र बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "वाढा."

पुढच्या वर्षी शुभंकरचं लग्न ठरलं. शुभंकर हा मावशींचा एकुलता एक मुलगा, चाकणला नोकरीला. मुलगी तेजस्विनी, कसबा पेठेतली. तिच्या वडिलांचं, दिगंबररावांचं, तिथेच भांड्यांचं दुकान. साखरपुड्याची बोलणी त्यांच्या घरी झाली. कॉलेजच्या दिवसांपासून कसब्यातले सगळे बोळ माझ्या पायाखालचे, म्हणून मावशींनी मलाही बरोबर नेलं होतं. घरात खरा शब्द चालायचा तो तेजस्विनीच्या आजीचा. सरुबाई त्यांचं नाव. ऐंशीच्या पुढच्या, ताठ बसणाऱ्या, आणि बोलल्या तर समोरच्याने वाक्य पुरं करायची गरज उरत नसे.

बोलणी जेवणावर आली. दिगंबरराव म्हणाले, "केटररला सांगितलंय. श्रीखंड-पुरी आहे. आपल्याकडून आणखी काही सुचवायचं असेल तर सांगा."

"जेवणानंतरचं एक मी करणार," मावशी म्हणाल्या. "गरम अंजीर आणि चीज. मी स्वतः उभी राहून वाढणार."

दिगंबररावांनी आईकडे पाहिलं. मग सरुबाई म्हणाल्या, "आमच्याकडे वरमाईला पाट देतात. तवा देत नाहीत."

"पाट नको," मावशी म्हणाल्या. "तवाच द्या."

मी काकांकडे पाहिलं. काका चपलांच्या दिशेने पाहत होते. दिगंबररावांनी हसण्याचा प्रयत्न केला. "अहो विहीणबाई, लोक काय म्हणतील? साखरपुड्याला बोलावून वरमाईला चुलीपाशी उभं केलं?"

"आजी, मी खाल्लंय ते," तेजस्विनी मध्येच म्हणाली. "फार छान असतं."

सरुबाईंनी नातीकडे सावकाश मान वळवली. "कधी खाल्लंस?"

तेजस्विनी शुभंकरकडे पाहायला लागली, शुभंकर भिंतीकडे.

"म्हणजे सगळं आधीच ठरलंय," सरुबाई म्हणाल्या. "आम्हाला आमच्याच घरी आमंत्रण आहे." आणि थोड्या वेळाने, "दिगंबर, दुकानातला मोठा तवा काढून ठेव. लहान तव्यावर पाहुणे ताटकळतील."

परत येताना रिक्षात काका हळूच म्हणाले, "तुझ्या नाकाचं त्यांना सांगायला पाहिजे होतं का?"

"काय सांगू? मुलगी द्या, पण विहिणीला नाक नाही?" मावशी म्हणाल्या, आणि मग तोंड फिरवून बाहेर पाहत राहिल्या. नाक या शब्दाला आपल्याकडे किती अर्थ आहेत, ते त्या दिवशी मला कळलं.

साखरपुडा फाल्गुनात होता, कसब्यातल्याच एका लहानशा कार्यालयात. काकांनी आदल्या दिवशी दुपारी सासवडला जाऊन अंजिरांच्या पाट्या आणल्या. झाडावर पिकलेलं, उत्तम फळ. पण त्या दिवशी उकाडा फार होता, आणि पिकलेलं अंजीर उकाड्यात कुणाची वाट पाहत नाही. सकाळी कार्यालयाच्या मागच्या खोलीत पाट्या उघडल्या, तेव्हा वरची पानं चिकट झाली होती आणि बरीच अंजिरं उलली होती.

मावशी पाटीशेजारी बसल्या. एकेक अंजीर बोटांनी हलकेच दाबून पाहू लागल्या. घट्ट ती एका बाजूला ठेवली. मऊ मात्र तशीच राहिली. मऊ अंजीर दोन प्रकारचं असतं, एक ऐन पिकलेलं आणि एक आंबू लागलेलं. हाताला दोन्ही सारखीच. फरक कळतो तो वासाने.

काका पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेले होते. मी पाटीत नाक घातलं. पहिली दोन-तीन कळली, त्यानंतर सगळा वास एकच झाला.

"मावशी, मला सगळी सारखीच वाटताहेत."

नेसायचं भरजरी लुगडं खुंटीला टांगलेलं होतं, बाहेर स्पीकरवर सनई सुरू झाली होती आणि मावशी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून पाटीकडे पाहत बसल्या होत्या. नासकं एक जरी कुणाच्या पानात गेलं असतं, तर ते त्यांना ना तव्यावर कळलं असतं ना वाढताना.

दारात काठीचा आवाज आला. सरुबाई पाहणी करायला आल्या होत्या.

"काय झालं?"

"काही नाही, आजी," मी म्हटलं.

"तुला नाही विचारलं."

मावशी उठून उभ्या राहिल्या. मला वाटलं, काहीतरी सांगून वेळ मारून नेतील. पण त्यांनी सरळ सरुबाईंच्या डोळ्यांत पाहिलं. "मला वास येत नाही. त्या आजारात गेला. जे येतात तेही चुकीचे येतात. खानावळ त्यामुळेच बंद आहे. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. यातलं आंबलेलं कुठलं ते मला ओळखता येत नाही."

सरुबाई काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या.

"माझा डावा कान गेलाय," त्या म्हणाल्या. "मी कुणाला सांगत फिरले? ज्याला गरज असते तो उजवीकडे येऊन बोलतो." मग माझ्याकडे वळून, "खुर्ची आण गं. आणि दोन पराती."

खुर्ची आली. सरुबाई बसल्या, पदर खोचला आणि पाटी जवळ ओढायला लावली. मावशी एकेक अंजीर त्यांच्या हातात देत गेल्या. सरुबाई ते नाकाशी नेऊन क्षणभर थांबत आणि निकाल देत.

"हे गेलं."

"हे आहे."

"हे आत्ता खा, दुपारपर्यंत टिकायचं नाही." ते त्यांनी स्वतःच्याच तोंडात टाकलं.

दोघींचा हात बसत गेला. देणारी बोलत नव्हती, घेणारी एका शब्दात सांगत होती. दिगंबरराव मध्येच बोलवायला आले आणि हे पाहून दारातूनच परत गेले. पाट्या संपल्या तेव्हा परातीत चांगली अंजिरं उरली, पण जमलेल्या माणसांना प्रत्येकी एक पुरतील इतकी नव्हती.

"अर्धं अर्धं वाढीन," मावशी म्हणाल्या. "चीज थोडं जास्त घालीन."

"हवंच आहे अर्धं," सरुबाई म्हणाल्या. "जास्त मिळालं की लोक नावं ठेवायला मोकळे होतात."

साखरपुडा झाला, अंगठ्या झाल्या, पंगती झाल्या. मावशींचा तवा मागच्या मोकळ्या चौकात मांडला होता. भरजरी लुगडं नेसलेल्या, नथ घातलेल्या मावशी पदर कमरेला खोचून तिथे येऊन उभ्या राहिल्या. आत केटररची माणसं अजून कांदाभजी काढत होती, आणि वाऱ्याची एक झुळूक तो वास घेऊन थेट तव्यापाशी आली. मावशींचा चेहरा उतरला. मी पुढे झाले, पण त्यांनी हातानेच थांबवलं. जाळ बारीक केला, तोंड वाऱ्याच्या उलट दिशेला केलं, दोन-तीन लांब श्वास घेतले आणि अंजिरं मांडायला सुरुवात केली.

त्या तव्याकडे पाहत नव्हत्या, ऐकत होत्या. मला त्यांनी नंतर सांगितलं, की अंजिराचं पाणी सुटतं तेव्हा तवा भरून बोलतो, आणि पाक धरायला लागला की आवाज बारीक होत जातो. तो बारीक झाला की उलथनं घालायचं. त्याआधी घातलं तर फळ फाटतं, उशिरा घातलं तर कडवटतं. मी वाढायची पानं मांडत होते, तेजस्विनी शालू सावरत चीज वाढत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

खानावळीत मावशी कायम आतल्या बाजूला असायच्या. जेवणारा बाहेर, त्या भिंतीमागे. इथे माणूस समोर येऊन उभा राहत होता, त्याच्या हातात पान जात होतं आणि तो तिथेच पहिला घास घेत होता. कसब्यातली मंडळी आधी प्रश्न विचारत. "फळ भाजलंय?" "गोडात चीज कसं?" आणि मग बोलायची थांबत. एक गृहस्थ खाऊन बाजूला झाले आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. फेटा बांधलेले आप्पासाहेब आले. त्यांनी तव्यापाशीच उभं राहून पान रिकामं केलं.

"इंदूबाई," ते म्हणाले, "लई बेस झालंय. आमच्या वस्तीचं नाव केलंत तुम्ही. हे मी आधीच सांगाया पायजे हुतं."

मावशींचं उलथनं क्षणभर तसंच हवेत राहिलं. मग त्यांनी आणखी एक अर्धं अंजीर त्यांच्या पानात ठेवलं.

सरुबाई खुर्चीवर बसून होत्या. त्यांचं पान मीच नेऊन दिलं. त्यांनी सावकाश खाल्लं आणि पान परत देत म्हणाल्या, "चावायला त्रास नाही. आमच्या वयाला बरं आहे." मग इकडेतिकडे पाहून, "आणखी एक आण. माझ्या शेजारणीला हवंय." मी नेऊन दिलं. शेजारची खुर्ची रिकामी होती. पान सरुबाईंनीच संपवलं.

त्यांचा एक पुतण्या वाकून कानाशी कुजबुजला, "काकू, वरमाय तव्यापाशी, हे बरं दिसतं का?"

"मला या कानाने ऐकू येत नाही," सरुबाई म्हणाल्या.

तो उजवीकडे यायला लागला, तशा त्या चौकातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आमच्या विहीणबाईंनी केलंय हे. स्वतःच्या हातांनी. अंजिरं मी निवडून दिली."

मावशींनी ते ऐकलं. त्या वळल्या नाहीत, कारण तव्याचा आवाज बारीक होत आला होता. पण मी बाजूला उभी होते, मला त्यांचा चेहरा दिसत होता. खानावळ जोरात चालायची त्या दिवसांतही तो मी असा पाहिला नव्हता.

लग्नानंतर महिन्याभरात शटर वर गेलं. आता फोडणी काका देतात. मावशी दाराबाहेर मोकळ्या हवेत उभ्या राहतात आणि तिथून सांगतात, "मोहरी थांबली, कांदा टाका." काका आयुष्यभर यंत्रांचे आवाज ऐकत आलेले, त्यामुळे त्यांना ही भाषा चटकन समजली. मीठ आता मावशी जिभेवर घेऊन पाहतात. नैवेद्याचं त्यांनी देवाशी काय ठरवलं ते मी विचारलं नाही. वास हळूहळू येतोय. पहिलं लिंबू आलं, मग लवंग. कांदा अजून नीट नाही आणि कदाचित होणारही नाही, असं त्या आता दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं सांगतात. सरुबाई अधूनमधून कसब्यातून रिक्षाने येतात, बाकावर बसून जेवतात आणि भाजीला नावं ठेवतात. अंजिराला अजून तरी ठेवलेली नाहीत.

ताटातलं शेवटचं आता रोज एकच असतं, गरम फळ आणि घरचं चीज. थंडीत पेरू, उन्हाळ्यात अंजीर, एरवी केळी किंवा अननस. मी आता खराडीलाच राहते, पण रविवारी जाते.

मागच्या रविवारी अकोल्याहून बदलून आलेले बँकेतले एक गृहस्थ पहिल्यांदाच जेवायला आले होते. सगळं जेवले आणि शेवटचं तसंच ठेवलं. मावशी बाहेर आल्या आणि त्यांच्या बाकाशेजारी उभ्या राहिल्या.

"हे घेतलं नाहीत?"

"नाही हो," ते जरा ओशाळून म्हणाले. "आमच्याकडे फळ गरम करून खात नाहीत."

"आमच्याकडेही खात नव्हते," मावशी म्हणाल्या, आणि चीजचा आणखी एक चमचा त्यांच्या ताटात घातला. मग आत गेल्या नाहीत. पदराला हात पुसत, त्यांचं खाऊन होईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.